शरदात डोंगरावर एकट्याने एक रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहते. गेली नऊ वर्षं कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा या महिन्याभरातली एक रात्र मी एकटी डोंगरावर काढते. बहुतेक वेळा वैराटगडावर. ओळखीची माणसं, त्यांची कॉलेजातली मुलं, कधी एखाद्या मुलीची धास्तावलेली आई, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली. ती सातारा, वाई, कोरेगाव भागातल्या डोंगरांना धरून आहेत, दुसरीकडे जशीच्या तशी लावू नका.

शरदच का? पावसाळा किंवा कडाक्याची थंडी का नको?

पावसाळ्यात डोंगर डोळ्यांना गोड वाटतो, पण मुक्कामाला नाही. कातळ शेवाळलेला, वाट धुक्यात, लाकूडफाट्यापासून सॉक्सपर्यंत सगळं ओलं. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि वणवे लागतात. ऑक्टोबरात मान्सून महाराष्ट्रातून माघारी फिरला की आकाश धुतल्यासारखं होतं, टाक्यांत पाणी असतं, वाटेवरची माती बसलेली असते आणि उतारावर सोनकी अजून पिवळी असते. दुपार मात्र तापते, ऑक्टोबरची तलखी डोंगरालाही सुटत नाही.

माझा कल दिवाळी उरकल्यानंतरच्या आठवड्याकडे. तोवर परतीचा पाऊस बहुधा संपलेला असतो आणि थंडी अजून अंगावर येत नाही. कोजागिरीला चांदणं मोठं, पण ढगांचा भरवसा नाही आणि माणसांची गर्दीही होते.

कोणता डोंगर निवडावा?

जिथे तुम्ही दिवसा किमान दोनदा जाऊन आला आहात तो. यापेक्षा मोठा निकष नाही. उंची, नाव, फोटो हे सगळं त्यानंतर.

मला वैराटगड आवडतो, कारण तो आटोपशीर आहे. पुणे-सातारा हमरस्त्यावरून दिसतो. पाचवड फाट्याला उतरून व्याजवाडी गाठायची, तिथून तास-दीड तासाची चढण. उंची साधारण बाराशे मीटर. माथ्यावर वैराटेश्वराचं मंदिर आहे, मठ आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वरून पांडवगड, मांढरदेवाचा डोंगर, चंदन-वंदनची जोडी ओळखता येते आणि कृष्णेचं खोरं पायाशी पसरलेलं असतं. गावातून माथा दिसतो आणि माथ्यावरून गाव. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

चंदन-वंदन आणि सातारारोडजवळचा कल्याणगड हेही एका रात्रीचे डोंगर आहेत. कल्याणगडाच्या पोटात पाण्याची अंधारी गुहा आहे. तिथे एकट्याने आत शिरू नका, गुहा सोबतीने बघायची.

वासोट्यावर किंवा कासला तंबू लावला तर?

नाही. वासोटा कोयना अभयारण्यात येतो आणि ते जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे मुक्कामाला बंदी आहे. बामणोलीहून लाँचने जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावरच ती सगळी फुलं. एक तंबू आणि दोन माणसांची ये-जा तेवढी माती मोडायला पुरते. कोणी "लपून राहता येतं" म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

परवानगी लागते का?

डोंगर कोणाच्या हद्दीत आहे त्यावर अवलंबून. वनखात्याची जमीन असेल तर त्या भागाच्या वनरक्षकाला आधी विचारा, माथ्यावर मठ किंवा देवस्थान असेल तर तिथल्या माणसांना. केंद्र संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. वाटेत कोणाचं खाजगी रान लागत असेल तर मालकाला हाक मारून जावं. आतापर्यंत मला विचारल्यावर नकार एकदाच मिळाला, तोही वणव्याच्या काळजीने. मी मुकाट्याने परत आले.

एकट्याने राहायला भीती वाटत नाही?

वाटते. पहिले दोन तास सगळ्यांनाच वाटते. सहा वाजता अंधार पडतो आणि उजाडायला साडेसहा होतात. एवढी लांब रात्र घरात आपण कधी अनुभवत नाही, कारण घरात दिवा असतो. तंबूवर गवताची काडी घासली तरी कोणीतरी आलं असं वाटतं. साडेआठ-नऊनंतर कान ओळखायला लागतात: हा वारा, हा रातवा पक्षी, हा हमरस्त्यावरचा ट्रक. कारखाने सुरू झाले असतील तर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणीसुद्धा वर येतात, शब्दासकट. आवाजाला नाव मिळालं की भीती उतरते.

ती उतरतच नसेल तर? उठा, पाणी प्या, तंबूची दोरी तपासा, घरी फोन लावा. हाताला काम दिलं की मन जागेवर येतं.

गावात सांगून जायचं म्हणतात, ते कशाला? एकट्याने जायचं तर कोणाला कळू नये हेच बरं ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मुलींकडून तर हमखास. माझंही पहिल्या वर्षी हेच मत होतं. म्हणून ते पहिलं वर्ष सांगते.

मी गावाला वळसा घालून, कोणाच्या नजरेला न पडता वर गेले होते. कड्याच्या बाजूला, मठापासून लांब तंबू लावला. सात वाजता जेवले. रात्री दहाच्या सुमाराला खालून माणसांचे आवाज यायला लागले. तीन-चार पुरुष, हातात बॅटऱ्या, आणि काठ्या दगडावर आपटल्याचा आवाज. बॅटरी विझवून मी तंबूत बसून राहिले. हाताची मूठ उघडत नव्हती. ते तंबूपासून वीस पावलांवर थांबले आणि एकाने हाक दिली, "कोन हाय रं वर?" माझा आवाज ऐकून तेच दचकले. त्यातले एक वयस्कर होते, ते काठी खाली ठेवून तिथेच दगडावर बसले.

"ताई, सांगून वर यायचं की. दिवा दिसला म्हनून आलो. आमाला वाटलं गुप्तधनवालं आल्यात खांदायला."

गडांवर गुप्तधनाच्या नादाने खणाखणी करणाऱ्यांचा त्रास आपल्याकडे खराच आहे. अख्खी चढण रात्री चढून ती माणसं त्यांचा गड राखायला आली होती. त्या रात्री ज्यांची मला भीती वाटली त्यांनीच माझ्यापाशी अर्धा तास बसून पाणी प्यायलं आणि तंबू वाऱ्याच्या तोंडावर आहे, मागे सरकव, असं सांगितलं. तंबूही त्यांनीच उचलून मागे घेतला.

तेव्हापासून मी व्याजवाडीत थांबल्याशिवाय वर जात नाही. वाट सुरू होते त्या बाजूच्या एका घरात मावशी आहेत. पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर पाणी मागितलं तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"एकलीच हाईस व्हय गं?"

"हो मावशी. उद्या सकाळी आठच्या आत खाली येते."

"घरच्यास्नी ठाव हाय का?"

"माहीत आहे."

"मग आसं कर. आठ वाजता वरनं बॅटरी दाव मला, तीन येळा. म्हंजी मी बी जेवून झोपाय मोकळी."

तेव्हापासून हेच चालू आहे. रात्री आठ वाजता मी गावाच्या बाजूच्या कडेला, पण काठापासून चार पावलं आत उभी राहते आणि बॅटरी तीनदा उघडझाप करते. खाली काळोखात कुठलं घर कोणाचं हे कळत नाही. मग एक अंगणातला दिवा विझतो, लागतो, विझतो, लागतो. एवढंच. त्यानंतर मी तंबूत जाऊन खरोखर झोपते.

म्हणून म्हणते, माथा आणि गाव एकमेकांना दिसले पाहिजेत. सांगताना तीन गोष्टी पक्क्या सांगा: कुठे राहणार, कधी उतरणार, नाही उतरलो तर कोणाला फोन करायचा. तिसरी गोष्ट कागदावर लिहून द्या. आणि घरच्या माणसाला त्या घराचा नंबर द्या.

बाईने एकटीने जावं का?

मी जाते. पण "काही होत नाही, बिनधास्त जा" असं मी कोणाला सांगणार नाही. गावात सांगते, ते एका घरातल्या बाईला. फाट्यावरच्या टपरीवर किंवा रिक्षात मुक्कामाची वाच्यता करत नाही. समाजमाध्यमांवर फोटो टाकते ते घरी पोचल्यावर. माथ्यावर दुसरा गट असेल आणि त्यात दारू दिसली तर सरळ मठाजवळ सरकते किंवा उजेड असेपर्यंत खाली उतरते. असं दोनदा झालंय. तयारी वाया गेल्याचं वाईट वाटतं, ते वाटू द्यावं.

पाळीची तारीख जवळ असेल तर सामान सोबत ठेवा आणि वापरलेलं घट्ट पिशवीत परत आणा. एवढ्यासाठी बेत रद्द करायची गरज नाही.

पहिल्यांदाच जातोय. थेट एकटा जाऊ का?

नको. आधी दोन रात्री सोबतीने काढा. त्यातली एक अशी, की सोबती आहे पण तंबू, स्वयंपाक, पाणी सगळं तुमचं तुम्ही केलंय.

किती वाजता चढायला लागावं?

दुपारी तीनच्या सुमाराला. ऊन कलायला लागलेलं असतं आणि साडेचारला वर पोचलं तरी जागा शोधायला उजेड उरतो. शरदात संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य टेकला की वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. पाचपर्यंत निम्मी वाटही झाली नसेल तर मागे फिरा.

पाणी किती न्यावं? टाक्यांतलं चालतं का?

एका माणसाला चार लिटर. चढताना एक, रात्रीच्या जेवणा-चहाला दीड, रात्री प्यायला अर्धा, आणि उरलेलं सकाळसाठी. जड वाटतं, पण खाली येताना तेच वजन नसतं.

टाक्यातलं पाणी पावसाळ्यानंतर भरपूर असतं. पिणार असाल तर फडक्याने गाळून खळखळून उकळा. मी ते फक्त राखीव म्हणून धरते. टाक्याच्या काठावर रात्री जाऊ नका. कातळ उतरता आणि बुळबुळीत असतो, आणि एकट्या माणसाला बाहेर काढायला कोणी नसतं. भांडी टाक्यात धुवू नका, अंघोळ तर नकोच.

थंडी किती असते? काय पांघरावं?

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. वैराटगड पायथ्यापासून पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे फरक तीन अंशांचा. हे आकडे ऐकून लोक पातळ चादर घेऊन जातात आणि पहाटे कुडकुडतात. कारण वारा आणि दव यांचा हिशोब त्यात नसतो.

दवाचं समजून घ्या. ढग नसलेल्या रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. गवत, दगड, तंबूचं कापड हवेपेक्षाही गार पडतं आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. शरदात जमिनीत पावसाची ओल असते, म्हणून दव जास्त. पहाटे चारला तंबूच्या आतून हात फिरवला तर तळवा ओला होतो. ते आपल्याच श्वासाचं पाणी. झिप पूर्ण बंद केली की ते वाढतं. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, थोडी थंडी सोसा, पण कोरडे राहा.

अंगाखाली काय आहे ते पांघरुणापेक्षा महत्त्वाचं. कातळ रात्रभर ऊब ओढून घेतो. मी फोमची घडीची चटई, त्यावर आईची जुनी वाकळ आणि वर स्लीपिंग बॅग असं नेते. वाकळ जड आहे, तरी नेते. लुगड्याच्या सात थरांची ती ऊब मला कुठल्याही दुकानातल्या चटईत मिळालेली नाही. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, पिशवीत बांधलेले. चढताना घामाने भिजलेला बनियन घालून झोपलात तर कितीही पांघरा, थंडी वाजणारच. कानटोपी विसरू नका.

तंबू कुठे लावावा?

काठापासून निदान तीस पावलं आत. एकट्या झाडाखाली नको, खोलगट जागीही नको. थंड हवा पाण्यासारखी खाली उतरून खोलगटात साचते, आणि अवकाळी सर आली तर पाणीही तिथेच. गवत गुडघाभर असेल तर ते झोडपून काढत बसू नका, बोडकी जागा शोधा. मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा दारात चूल-भांडी मांडू नका. मठात झोपायला जागा दिली तर घ्या, त्याने रात्र कमी एकट्याची होत नाही.

कातळावर खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात, त्यासाठी दहा मीटर जादा सुतळी न्या. दगड उचलताना आधी काठीने हलवा, मग पलीकडची कड स्वतःकडे उचला, म्हणजे खाली जे असेल त्याला पलीकडे जायला वाट राहते. तटाचे, जोत्याचे दगड मात्र काढू नका. तो गड आहे, पडलेला असला तरी.

भाड्याने तंबू आणत असाल तर घरी गच्चीवर एकदा पूर्ण उभा करून बघा. मला एकदा पिशवीत दोनच काठ्या मिळाल्या होत्या, एक कमी. ते कळलं माथ्यावर, मावळतीला.

शेकोटी करता येते का?

मी करत नाही, आणि तुम्हीही करू नका. दिवाळीनंतर माथ्यावरचं गवत वरून वाळलेलं आणि खाली हिरवट असतं. एक ठिणगी वाऱ्याने दहा हातांवर पडली की पुढचं आपल्या हातात राहत नाही. वणव्यात गवत तर जातंच, गावाचा चारा जातो, टिटवी आणि चंडोलासारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते, नुकतीच उगवलेली रोपं जातात. उतारावरची माती मग पुढच्या पावसात वाहून खाली येते. वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. खालच्या गावाने उन्हाळ्यात वणवा विझवताना हात भाजून घेतलेले मी पाहिलेत.

चहापुरता छोटा गॅस, उघड्या कातळावर, भोवती पाणी शिंपडून. तंबूच्या आत पेटवू नका, जीव गुदमरतो.

जेवायला काय न्यावं?

वर शिजवण्याचा हट्ट नको. बाजरीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा, उकडलेली अंडी किंवा धपाटे. सकाळसाठी गूळ-शेंगदाणे आणि दोन केळी. साताऱ्याची मी असल्यामुळे डब्यात दोन कंदी पेढे असतात, एक वैराटेश्वरापुढे ठेवायला. वर फक्त चहा करते. वास सुटणारं मटण-मासळी नको, उरलेलं अन्न तंबूत नको. डबा बंद करून दहा-पंधरा पावलांवर दगडाखाली दडपून ठेवा, कुत्री आणि माकडं दोन्ही असतात.

साप, बिबट्या, मधमाश्या यांचं काय?

लोक बिबट्याबद्दल विचारतात. मी मधमाश्यांबद्दल आधी बोलते, कारण आपल्या गडांवर माणसांना जास्त इजा त्यांनी झालीय.

कड्याच्या कपारीत काळपट, अर्धवर्तुळी पोळी लटकलेली दिसतात, ती आग्या मोहोळाची. त्यांच्या जवळपास धूर, अत्तर, जोराचा आवाज, दगड भिरकावणं यातलं काहीही नको. या माश्या चांदण्यात उडतात आणि उजेडाकडे येतात, म्हणून रात्री पोळ्यावर बॅटरी मारू नका, त्या बाजूला दिवाही ठेवू नका. उठल्याच तर तोंड कापडाने झाका आणि थांबू नका, लांब निघा. हात हलवून मारत बसलात तर डंखासोबत सुटणारा वास आणखी माश्यांना बोलावतो. काटा नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ-घसा सुजला तर ते साधं चावणं नव्हे, १०८ ला फोन करा.

साप म्हणाल तर या कातळावर फुरसं. हातभर लांब, मातकट, अंग घासून करकर आवाज करतं. दगडाखाली दिवस काढतं, रात्री बाहेर पडतं. खाली शेतात नाग, मण्यार, घोणस आहेतच. घोट्याच्या वर येणारे बूट, हातात काठी, रात्री बॅटरीशिवाय एक पाऊलही नाही, आणि सकाळी बूट झटकून घालणं, एवढं पाळलं तर बहुतेक धोका टळतो. चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता जितकं शांत राहता येईल तितकं राहा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. मग लगेच गावातल्या घराला. डोली करून खाली आणायला तीच माणसं येणार आहेत. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, इलाज प्रतिसर्पविषाचाच.

बिबट्या माथ्यापेक्षा पायथ्याच्या उसात जास्त. म्हणून तिन्हीसांजेला उसाच्या कडेने चालत जाणं टाळा. रात्री लघवीला बाहेर पडाल तेव्हा उजेड मोठा ठेवा, आवाज करा, वाकून बसायच्या आधी चौफेर बॅटरी फिरवा.

गोचीड मात्र हमखास भेटतात. उंच गवतातून आलात की पायमोजे उलटून बघा. कुसळंही तेव्हाच काढा, रात्री ती टोचत राहतात.

परतीचा पाऊस आणि विजा?

ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढताना दिसले तर त्या दिवशी जाऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" हे मोफत अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, निघायच्या आधी बघा. वर असताना गडगडलं तर चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की बोडक्या माथ्यावरून, बुरुजावरून, झाडाखालून हटा आणि उतरणीला लागा किंवा पक्क्या छताखाली जा. तंबू सोडून जायचा. तंबू पुन्हा मिळतो.

मोबाईलला रेंज असते का?

हमरस्त्याच्या बाजूला असते, मागच्या सोंडेवर जाते-येते. रेंज शोधण्यात बॅटरी उतरते, म्हणून वर पोचल्याचं कळवून फोन विमान मोडवर टाका. नकाशा घरूनच उतरवून ठेवा. पॉवर बँक रात्री वाकळीत घ्या, थंडीने ती लवकर उतरते. बॅटऱ्या दोन: एक कपाळाची, एक हातातली.

एवढी लांब रात्र करायचं काय?

आकाश बघायचं. हेच तर मिळवायला आलोय.

पुणे-सातारा रस्त्याच्या उजेडाकडे पाठ करून बसा आणि वीस मिनिटं फोन बघू नका. उत्तरेला हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा, त्यावर दुसरी. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेपाशी ध्रुवतारा सापडतो. आपलं अक्षांश साडेसतरा-अठराच्या घरातलं म्हणून तो इतका खाली. नोव्हेंबरच्या मध्याला आठ-साडेआठला डोक्यावर देवयानी हा तारकासमूह असतो आणि चांदणं नसेल तर त्यातली दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा दूरचा समूह, पुसट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो उजेड सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका, मागून लालसर रोहिणी, मग आडवा पडून उगवणारा मृग, दहाच्या पुढे व्याध. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या शेजारी असतो, महिन्याला कार्तिक नाव त्यावरूनच. आकाशात ते डोळ्यांनी दिसतं तेव्हा पंचांग वेगळंच वाटायला लागतं.

२१ ऑक्टोबरच्या सुमाराला मृगातून, १७ नोव्हेंबरच्या सुमाराला सिंह राशीतून उल्का पडतात. दोन्ही मध्यरात्रीनंतर. गजर लावून उठा.

शौच, कचरा?

पाण्यापासून आणि वाटेपासून शंभर पावलं दूर, वीतभर खड्डा, वर माती. कागद जाळू नका, पिशवीत परत. कचरा दुसऱ्याचा असला तरी दोन मुठी उचलून आणा. निर्माल्याजवळची प्लास्टिकची पाकिटं मी तरी दरवर्षी आणते.

सकाळी किती वाजता उतरावं?

धुकं उठल्यावर, घाईने नाही. तिसऱ्या वर्षी मी सातला निघाले. कृष्णेच्या खोऱ्यातलं धुकं वर चढलं होतं आणि दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. वाट नेहमीची म्हणून चालत राहिले. पंधरा मिनिटांनी गवत छातीला लागलं आणि पायाखालची पायवाट नाहीशी झाली. ती ढोरवाट होती. पुढे काठी टेकवली तर ती टेकलीच नाही, पुढे कडा होता.

मी तिथेच खाली बसले. एकटं असताना धुक्यात वाट शोधायची नाही, एवढी अक्कल त्या वेळी सुचली. चाळीस मिनिटं बसून होते. धुकं फाटलं तेव्हा खरी वाट माझ्या डावीकडे, पुढच्या सोंडेवर, शंभर हातांवर दिसली. आता चढताना मी प्रत्येक वळणावर मागे वळून उभी राहते आणि उतरताना ती जागा कशी दिसेल ते बघून फोटो काढते. चढताना दिसणारा डोंगर आणि उतरताना दिसणारा डोंगर वेगळे असतात.

रात्री मधेच परत यावंसं वाटलं तर?

आजारी किंवा जखमी नसाल तर अंधारात उतरू नका. मठात जा, नाहीतर उजाडेपर्यंत बसून राहा. तब्येत बिघडली असेल तर खाली फोन करा आणि माणसं वर येईपर्यंत जागेवर थांबा.

खाली आल्यावर?

ज्यांना सांगून गेलात त्यांना आधी कळवा, मग चहा. त्या धुक्याच्या सकाळी मी सांगितलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा व्याजवाडीत पोचले. मावशी ओट्यावर नव्हत्या, वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागल्या. ऊन चांगलं वर आलं होतं आणि त्यांच्या अंगणातला दिवा अजून चालूच होता.